हिशेबाबाहेरचा दात

न्यू बेडफर्डच्या व्हेल संग्रहालयात एका काचेच्या कपाटासमोर मी थांबले आणि मुलीला म्हणाले, “अगं, हे तर कातणं!”

करंज्यांच्या कडा कापायचं, शंकरपाळ्यांवर फिरवायचं, नागमोडी चाकाचं कातणं. आमच्या घरी ते पितळेचं होतं. दिवाळीच्या आधी आठवडाभर आई ते फडताळातून काढायची, चिंच लावून घासायची आणि फराळ आटोपला की पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायची. इथे कपाटात तशीच कातणी ओळीने मांडलेली होती. फक्त ती पिवळसर पांढरी होती आणि त्यांचे दांडे नक्षीचे होते. एकाच्या टोकाला आवळलेली मूठ, दुसऱ्याला साप, तिसऱ्याला एकशिंगी घोडा. खालच्या चिठ्ठ्यांवर थोड्याफार फरकाने एकच मजकूर होता : स्पर्म व्हेलचा दात, जबड्याचं हाड, करणारा अज्ञात.

अमेरिकेत फळांचं सारण भरून भाजतात त्या ‘पाय’ची वरची आणि खालची पारी एकत्र दाबून जादा कणीक कापायला हे चाक वापरत. म्हणजे काम करंजीचंच. आणि ही कातणी बनवली होती व्हेलची शिकार करणाऱ्या खलाशांनी, घरापासून हजारो मैल दूर, रक्ताने आणि चरबीने बरबटलेल्या जहाजांवर. अशा ठिकाणी बसलेल्या माणसाला स्वयंपाकघरातलं कातणं का करावंसं वाटलं असेल? आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मला कुठल्याही पाठ्यपुस्तकाने विचारला नव्हता. मुलीकडचा मुक्काम लांबला तसं मी या विषयावर वाचत गेले. त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

उजेडाचा धंदा

या कलेला ‘स्क्रिमशॉ’ म्हणतात. व्हेलच्या दातावर, हाडावर किंवा तोंडातल्या झालरीसारख्या लवचीक पट्ट्यांवर केलेलं कोरीव काम आणि त्यांपासून बनवलेल्या वस्तू, असा तिचा ढोबळ अर्थ. शब्द कुठून आला याबद्दल एकमत नाही. पण १८२६ साली ‘बाय चान्स’ नावाच्या जहाजाच्या रोजनिशीत त्याचं एक रूप सापडतं. दाट धुकं आहे, एकही जहाज दिसत नाही, सगळे जण या कामात गुंतले आहेत, अशी ती साधी नोंद आहे.

हे खलाशी कुठल्या धंद्यात होते ते आधी सांगायला हवं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं नॅन्टकेट बेट आणि जवळचं न्यू बेडफर्ड बंदर ही एकोणिसाव्या शतकात व्हेलच्या शिकारीची जगातली मोठी केंद्रं होती. १८४६च्या सुमारास अमेरिकेची सातशेहून अधिक जहाजं या धंद्यात होती आणि पुढे १८५७मध्ये एकट्या न्यू बेडफर्डची तीनशेहून अधिक. शिकार व्हायची ती तेलासाठी. त्यातही स्पर्म व्हेलला मान, कारण तिच्या डोक्यातल्या मेणासारख्या द्रव्याच्या मेणबत्त्या धूर न करता लख्ख जळत आणि तिचं तेल दिव्यांना आणि नव्या कारखान्यांतल्या यंत्रांना लागे. न्यू बेडफर्ड शहराचं लॅटिन ब्रीदवाक्यच आहे, ‘मी प्रकाश पसरवते’. दिवाळी अंकात लिहिताना ते मला पुन:पुन्हा आठवत राहिलं.

हा प्रकाश कसा तयार होई ते मात्र ब्रीदवाक्यात नाही. व्हेल दिसली की सहा-सहा माणसांच्या लहान होड्या पाण्यात सोडायच्या, दोर बांधलेला हार्पून तिच्या अंगात रुतवायचा, ती दमेपर्यंत तिच्यामागे फरफटत जायचं आणि मग लांब भाल्याने तिचा जीव घ्यायचा. मेलेलं धूड जहाजाच्या कुशीला बांधून चरबीचे पट्टे सोलायचे आणि डेकवरच्या विटांच्या भट्टीत मोठमोठ्या कढयांमध्ये ते रात्रंदिवस कढवायचे. भट्टीला जळण म्हणून चरबी कढल्यावर उरलेला चोथाच घालत. सगळीकडे काळा धूर, निसरडा डेक आणि कपड्यांतून न जाणारा वास.

सफर तीन-चार वर्षांची असे. पगार नसे, नफ्यात वाटा असे. कप्तानाला साधारण बाराव्या-पंधराव्या भागाइतका वाटा मिळे. नवख्या खलाशाला पावणेदोनशेवा भाग, कधी त्याहूनही कमी. १८४१च्या जानेवारीत हर्मन मेलव्हिल याच बंदरासमोरच्या फेअरहेवनहून ‘अकुश्नेट’ जहाजावर निघाला तो अशाच वाट्यावर. दीड वर्षाने तो मार्केझास बेटांवर जहाज सोडून पळाला आणि दहा वर्षांनी त्याने ‘मोबी डिक’ लिहिली. सगळ्यांना पळता येत नसे. सफरीत जहाजाच्या कोठारातून घेतलेले कपडे, तंबाखू, उचल हे सारं शेवटी वाट्यातून कापलं जाई. चार वर्षं समुद्रावर काढून जहाजमालकाचं देणं डोक्यावर घेऊन उतरणारे खलाशी काही थोडे नव्हते.

या धंद्यात हिशेब चोख असे. जहाजाच्या रोजनिशीच्या समासात व्हेलच्या आकाराचा शिक्का मारत. त्या आकाराच्या मध्ये एक कोरी जागा सोडलेली असे आणि त्या व्हेलपासून किती पिंपं तेल निघालं तो आकडा तिथे लिहीत. निसटून गेलेल्या व्हेलसाठी नुसत्या शेपटीचा शिक्का. एका महाकाय जिवाची एवढीच नोंद : एक आकार, आत एक आकडा.

दाताची किंमत

मग दातांचं काय? स्पर्म व्हेलच्या खालच्या जबड्यात चाळीस-पन्नास दात असतात. मोठ्या नराचा एकेक दात वीतभर लांब आणि किलोभर वजनाचा भरतो. आज आपल्याला वाटतं की असा हस्तिदंतासारखा माल हाती आला म्हटल्यावर खलाशी पहिल्या दिवसापासून त्यावर कोरीत असणार. तसं झालेलं नाही. व्हेलची शिकार अठराव्या शतकातही जोरात होती, पण चित्र आणि साल दोन्ही कोरलेला सर्वांत जुना ज्ञात दात १८१७चा आहे. लंडनच्या ‘ॲडम’ जहाजाच्या खलाशांनी गॅलापागोस बेटांजवळ मारलेल्या व्हेलचा. इतकी वर्षं ही कला का नव्हती, याचं जे उत्तर अभ्यासक देतात ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं वाटतं.

फिजी, मार्केझास यांसारख्या पॅसिफिकमधल्या बेटांवर व्हेलच्या दाताला फार मोठा मान होता. फिजीमध्ये ‘ताबुआ’ म्हणून तो आजही लग्नात, मर्तिकात, माफी मागताना, सलोखा करताना आदराने दिला जातो. युरोप-अमेरिकेच्या व्यापाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक होती. मूठभर दात द्यायचे, जहाजभर चंदन घ्यायचं आणि ते चीनमध्ये कँटनला नेऊन विकायचं, असा हा किफायतशीर सौदा. ज्यांना तो माहीत होता ते त्याची वाच्यता करत नसत. तोवर दात हा मालच होता. तो खलाशाच्या हातात खेळायला कोण देणार?

१८१५मध्ये अमेरिकी नौदलाचा कप्तान डेव्हिड पोर्टर याने आपल्या पॅसिफिक मोहिमेचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्यात हे गुपित उघड करून टाकलं. मोठ्या आकाराच्या दहा दातांत जहाजभर चंदन मिळतं, असं त्याने छापून सांगितलं. मग जो तो दात घेऊन बेटांकडे धावला. बाजारात दातांचा सुकाळ झाला, भाव कोसळला. मालकांच्या लेखी दाताचं मोल उरलं नाही आणि तो डेकवरच्या साध्या खलाशापर्यंत पोचला. १८१७च्या त्या दाताचं साल या क्रमात बरोबर बसतं.

एखादी कला जन्माला येते ती राजाश्रयाने किंवा बाजारपेठेमुळे, असं आम्ही वर्गात शिकवत आलो. इथे बाजार मोडला म्हणून कलेला वाट मिळाली. ज्या वस्तूला हिशेबात जागा उरली नाही, ती माणसाच्या हाती लागली.

गंमत अशी की त्या १८१७च्या दातावरही हिशेबच कोरलेला आहे : व्हेल कुठे मारली, कुठल्या जहाजाने मारली आणि तिचं शंभर पिंपं तेल निघालं. कोरणाऱ्याच्या डोक्यातून वही अजून गेलेली नव्हती. वेगळं काही कोरायला सुचायला अजून थोडी वर्षं जायची होती.

ठिपके आणि काजळी

शिकारीच्या होड्यांना माणसं लागत म्हणून या जहाजांवर व्यापारी जहाजापेक्षा पुष्कळ जास्त खलाशी असत. व्हेल दिसली की सगळ्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि दिसली नाही तर आठवडेच्या आठवडे हातांना काम नाही. रिकामपण फार झालं की भांडणं होतात, हे कप्तानांना माहीत होतं. त्यामुळे कोरीव कामाला कुणी आडकाठी करत नसे, उलट खुद्द कप्तानही करत.

व्हेल कापली की खालचा जबडा बाजूला ठेवून देत. हिरड्या सडून सैल झाल्या की कप्पीने दोर ओढून दात उपटत. ताज्या दातावर खरबरीत कंगोरे असतात. ते चाकूने आणि कानशीने तासायचे, शार्कच्या कातड्याने घासायचे, मग राख लावून तळहाताने चकाकी येईपर्यंत चोळायचं. एवढ्यातच कित्येक दिवस जात. नंतर चाकूच्या टोकाने किंवा शीड शिवायच्या सुईने चित्राच्या रेघा ओरखडायच्या आणि त्यांत दिव्याची काजळी किंवा शाई भरायची. वरची काजळी पुसली की रेघांमधली तेवढी राहते.

ज्याला चित्र काढता येत नसे त्याच्यापाशी सोपी युक्ती होती. मासिकातलं चित्र कापून दातावर चिकटवायचं, सुईने रेघांवरून ठिपके टोचत जायचं, कागद काढून टाकायचा आणि ठिपके जोडायचे. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. ‘गोडीज लेडीज बुक’ नावाचं बायकांचं एक मासिक १८३०पासून फिलाडेल्फियाहून निघे आणि त्यात नव्या पेहरावांची चित्रं येत. ती जहाजांवर पोचत. कित्येक दातांवर फुगीर घेराचे झगे घातलेल्या, नाजूक हातांच्या स्त्रिया दिसतात त्या तिथल्याच आहेत.

पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा मला वाटलं, ही खलाशाची बायको किंवा प्रेयसी असणार. मासिकाची गोष्ट वाचल्यावर जरा हिरमुसले. मग विचार केला, चार वर्षांच्या सफरीत त्याच्याजवळ तिचा फोटो नव्हता. तिचा चेहरा आठवणीतून काढायची कला त्याच्या हातात नव्हती. मग छापील बाईच्या ठिपक्यांवरून सुई फिरवताना तो दुसऱ्या कुणाला आठवत असेल, तर त्यात खोटं ते काय?

कुणासाठी?

संग्रहालयात लोक जास्त थांबतात ते चित्रांच्या दातांपाशी. मी मात्र वस्तूंपाशी रेंगाळले. कातणी, लाटणी, कपडे वाळत घालायचे चिमटे, शिवणकामाच्या पेट्या, दाभण, लोकरीचं वेटोळं उलगडायचा छत्रीसारखा उघडमिट होणारा फिरता सांगाडा. त्या सांगाड्यात कितीतरी बारीक पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एक सांगाडा पुरा करायला सफरीतले महिनोन् महिने लागत असणार.

आणखी एक वस्तू असे, ‘बस्क’. त्या काळी बायका अंगाला घट्ट बसणारी काचोळी घालत. ती ताठ राहावी म्हणून पुढे छातीपासून पोटापर्यंत एक पट्टी सरकवत, तीच ही. खलाशी ती जबड्याच्या हाडाची किंवा व्हेलच्या तोंडातल्या झालरीची करत आणि तिच्यावर घर, झाड, बदाम, जहाज असं काहीबाही कोरत. बाहेरून ती कुणालाच दिसायची नाही. जिच्यासाठी केली तिला तेवढी माहीत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या वस्तूंनी दिलं. यांतली जवळजवळ प्रत्येक वस्तू घरात वापरायची आहे. जहाजावर करंजी नाही, कणीक लाटणारं कुणी नाही, वाळत घालायला परसातली दोरी नाही. ज्या घरात आपण नाही त्या घरातल्या रोजच्या कामात आपल्या हाताचं काही असावं, ही ती धडपड आहे. आणि त्या घरांमधल्या बायका नुसत्या वाट पाहत बसलेल्या नव्हत्या. नॅन्टकेटच्या सेंटर स्ट्रीटवर बायकांनी चालवलेली इतकी दुकानं होती की त्या भागाला ‘पेटीकोट रो’ असं नाव पडलं. नवरा परत येईपर्यंत घर, दुकान, मुलं, उधारी सगळं त्यांच्याकडे होतं. तेव्हा कातणं घेऊन परतणाऱ्या खलाशाला पुष्कळदा स्वतःच्या घरात पुन्हा जागा मागावी लागत असणार. ती भेट म्हणजे एका अर्थी तशी विनवणी होती, असं मला वाटतं.

नावं

सही केलेला स्क्रिमशॉ विरळा. नॅन्टकेटचा एडवर्ड बर्डेट हा नावानिशी माहीत असलेल्या अमेरिकी कोरक्यांमध्ये सर्वांत आधीचा मानला जातो. त्याच्या रेघा खोल आणि ठसठशीत आहेत. १८३३मध्ये शिकारीच्या वेळी तो हार्पूनच्या दोरात अडकला आणि व्हेलने त्याला पाण्याखाली ओढून नेलं. जन्म १८०५चा, म्हणजे तिशीही उलटली नव्हती.

त्याच बेटावरचा फ्रेडरिक मायरिक ‘सुझन’ नावाच्या जहाजावर होता. १८२८ आणि १८२९ या दोन सालांत त्याने कोरलेले तीसहून अधिक दात आज माहीत आहेत, ‘सुझनचे दात’ म्हणूनच ते ओळखले जातात. त्यांवर त्याने जहाज, शिकार, आपलं नाव आणि तारीख कोरली. शिवाय बऱ्याच दातांवर दोन ओळींचं एक मागणं आहे. जिवंत आहेत त्यांना मरण यावं, मारणाऱ्यांना दीर्घायुष्य लाभावं, खलाशांच्या बायकांचं बरं व्हावं आणि शिकाऱ्यांचं नशीब तेलकट असावं, असा त्याचा आशय. वाचून अंगावर काटा येतो. पण बायकोचं क्षेम आणि व्हेलचं मरण हे त्या माणसाच्या आयुष्यात खरोखरच एकमेकांत गुंतलेलं होतं. दुसरं घडल्याशिवाय पहिलं घडत नव्हतं. तो काही लपवत नव्हता, एवढं तरी म्हणावं लागेल.

बाकीचे अनामिक. या जहाजांवर फक्त गोरे अमेरिकी नव्हते. अझोर्स आणि केप व्हर्द बेटांवरचे पोर्तुगीज बोलणारे, गुलामीतून सुटलेले किंवा मुक्त जन्मलेले कृष्णवर्णी, मूळ निवासी वाम्पनोआग, पॅसिफिक बेटांवरचे लोक, सगळे एकाच डेकवर असत. वाट्यांच्या वहीत त्यांची नावं आहेत. कातण्यांवर नाहीत. स्टुअर्ट फ्रँक या अभ्यासकाने रेघांची वळणं, जहाजांची नावं आणि रोजनिश्या ताडून अशा कारागिरांचा एक कोशच तयार केला. तरीही बहुतेक चिठ्ठ्यांवर तोच शब्द राहतो : अज्ञात.

पुन्हा किंमत

१८५९मध्ये पेनसिल्वेनियातल्या टायटसव्हिलला एडविन ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागलं. रॉकेल स्वस्तात मिळू लागल्यावर व्हेलच्या तेलाचे दिवे विझत गेले. यादवी युद्धाने आणि १८७१च्या हंगामात आर्क्टिकच्या बर्फात अडकलेल्या तीसहून अधिक जहाजांनी या धंद्याचं कंबरडं मोडलं. १८४१मध्ये बांधलेलं ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे एकच लाकडी जहाज त्या ताफ्यातलं शिल्लक आहे. ते कनेटिकटमध्ये मिस्टिक इथे जपलेलं आहे.

तेलाचं मोल गेलं आणि दाताचं परत आलं. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी हे स्क्रिमशॉचे हौशी संग्राहक होते. १९६३मध्ये त्यांच्या शवपेटीत राष्ट्राध्यक्षाची मुद्रा कोरलेला एक दात ठेवण्यात आला. त्यांच्यामुळे या वस्तूंकडे श्रीमंतांचं लक्ष गेलं आणि लिलावांतल्या किमती चढल्या. आज बर्डेटचा किंवा मायरिकचा दात घ्यायचा तर लाखो डॉलर्सची भाषा ऐकू येते. पाठोपाठ नकलाही आल्या. प्लास्टिकचे दात साच्यांतून इतके निघाले की संग्रहालयांना त्यांच्या याद्या कराव्या लागल्या. जुन्या वस्तूंच्या एका बाजारात मीही चाळीस डॉलरला असा एक ‘सुझनचा दात’ हातात घेतला होता. हाताला तो चटकन कोमट लागला, आणि मुळाशी खऱ्या दाताला असते तशी शंकूसारखी पोकळी त्याला नव्हती. विकणाऱ्याने मात्र पणजोबांची गोष्ट रंगवून सांगितली.

ही किंमत आपल्यालाही परकी नाही. कोकण किनाऱ्यावर, मुंबईत ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. ती उलटी म्हणजे याच स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारं अंबर. व्हेलला भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे आणि अंबर बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. अमेरिकेनेही त्याच १९७२ साली सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला आणि व्हेलच्या दातांच्या व्यापाराला बांध घातला. तो बांध मला योग्य वाटतो. जुन्या दाताला कोट्यवधींचा भाव आला की कुणाला तरी नवा दात हवासा वाटतोच.

मग या वस्तू सुंदर म्हणायच्या की नाहीत? मी त्यावर बराच विचार केला. कित्येक दातांवर मरत्या व्हेलच्या डोक्यातून उडणारं कारंजं लाल रंगाने भरलेलं आहे. तिच्याच जातीच्या दातावर तिचं मरण. हे पाहून नुसतं ‘वा, काय नक्षी!’ म्हणवत नाही. पण कपाटाकडे पाठ फिरवली तर उरतात ती मालकांची वही आणि समासातले शिक्के. त्यांत व्हेल नाही आणि माणूसही नाही, फक्त पिंपांचे आकडे आहेत. या दातावर निदान दोघांची खूण आहे. एकाचा जीव गेला, दुसऱ्याचं तारुण्य. ज्यांच्या खोल्या या तेलाने उजळल्या त्यांचं यात काहीच गेलं नाही.

भारतात परतल्यावर मी माळ्यावरच्या डब्यातून आईचं कातणं शोधून काढलं. चाकाचे दात झिजलेत, दांडा पकडीच्या जागी गुळगुळीत झालाय. त्याच्यावर ते घडवणाऱ्या तांबटाचं नाव नाही आणि ज्या हातांनी ते झिजवलं त्यांचंही नाही. आजवर हे मला कधी खटकलं नव्हतं. यंदा चिंच लावून घासलं, करंज्यांवर फिरवलं आणि ठेवून देताना फडक्यात एक चिठ्ठी घातली. तिच्यावर आईचं नाव लिहिलं, आणि खाली एक ओळ : करणारा अज्ञात.